राज्यशास्त्र कोठडीपासून वाचावं

शाळेत इतिहासाच्या पेपरात 'टिपा लिहा' या प्रश्नाला युरोपातल्या प्रबोधनकाळातले विचारवंत हमखास असायचे. लॉक म्हणजे नैसर्गिक हक्क, माँतेस्क्यू म्हणजे सत्ताविभाजन, रूसो म्हणजे सामाजिक करार आणि व्होल्तेर म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य. चार नावं, चार कल्पना, प्रत्येकी पाच ओळी, की मार्क पदरात. व्होल्तेरच्या नावावर खपणारं ते 'तुझं मत मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राणही देईन' हे वाक्य तर त्याचं नाहीच. १९०६ साली एका इंग्रज चरित्रकार बाईंनी त्याच्या वृत्तीचं सार म्हणून ते लिहिलं आणि पुढे ते त्याच्याच तोंडी चिकटलं. ते असो.

या पाठ्यपुस्तकी मांडणीचा खरा तोटा वेगळा आहे. तिच्यामुळे असं वाटतं, की या मंडळींना मुख्य घोर होता तो राज्य कुणी करावं आणि कायदे कुणी करावेत याचा. त्यावर त्यांनी भरपूर लिहिलं, हे खरंच. पण त्यांच्या लिखाणातला ज्याची धार अजून गेलेली नाही असा भाग संसदेबद्दलचा नाही, आरोपीबद्दलचा आहे. सरकारनं एखाद्याची गचांडी धरली, की त्या क्षणापासून निकालापर्यंत त्याच्याशी कसं वागायचं, हा तो प्रश्न. तो आपल्या टिपांमधून गळला. म्हणून तर एरवी संविधानाच्या उद्देशिकेची फ्रेम भिंतीवर लावणारी माणसंही 'असल्यांना कोर्टात कशाला न्यायचं, तिथंच उडवा' असं म्हणताना अडखळत नाहीत.

माँतेस्क्यूचंच बघा. १७४८ साली त्याचा मोठा ग्रंथ जिनिव्हात छापला गेला. त्यातला अकरावा भाग जगानं डोक्यावर घेतला: कायदे करणारा, ते राबवणारा आणि न्याय देणारा हात एकच नसावा. लगेच पुढच्या, बाराव्या भागाकडे फारसं कुणी वळत नाही. तिथं तो म्हणतो, की नागरिकाचं स्वातंत्र्य म्हणजे आपण सुरक्षित आहोत ही त्याची खात्री. या खात्रीवर सगळ्यात मोठा घाला पडतो तो फौजदारी खटल्यात. आणि म्हणून असे खटले कोणत्या नियमांनी चालवावेत याचं ज्ञान मानवजातीला जगातल्या दुसऱ्या कोणत्याही गोष्टीपेक्षा मोलाचं आहे. दुसऱ्या कोणत्याही गोष्टीपेक्षा! लिहिणारा हवेत बोलत नव्हता. बोर्दोच्या न्यायपीठावर तो दहा वर्षं वरच्या हुद्द्याचा न्यायाधीश होता. ते पद त्याला काकाकडून वारशानं मिळालं आणि पुढे त्यानं ते विकलं. तेव्हाच्या फ्रान्समध्ये न्यायाधीशाची खुर्ची ही विकता येणारी मालमत्ता होती. सत्ताविभाजनाचा सिद्धांत अशा खुर्चीतून उठलेल्या माणसानं लिहावा, याची मला नेहमीच गंमत वाटते. पण ते सत्ताविभाजन त्याला कशासाठी हवं होतं, तर पकडणाराच न्याय करायला बसला तर पकडलेल्याला वाली कोण, यासाठी. आरोपी वजा केला तर त्या सिद्धांतात उरतं ते नुसतं कार्यालयीन कामाचं वाटप.

आता तुलूझ. दक्षिण फ्रान्समधलं शहर, १३ ऑक्टोबर १७६१ ची रात्र. रू दे फिलातिए या रस्त्यावर जाँ कालास या साठी ओलांडलेल्या कापडव्यापाऱ्याचं दुकान, वर घर. कुटुंब प्रॉटेस्टंट, म्हणजे कॅथलिक राजाच्या फ्रान्समध्ये कायद्याच्या लेखी जवळजवळ नसल्यासारखंच. थोरला मुलगा मार्क-आंत्वान वकिलीचं शिकलेला. पण वकिली करायची तर कॅथलिक असल्याचा दाखला लागे. तो मिळेना, म्हणून हा बापाच्या दुकानात अडकलेला, स्वतःवर आणि जगावर वैतागलेला. त्या रात्री घरी एक तरुण पाहुणा जेवायला होता. जेवण होताच मार्क-आंत्वान उठून खाली गेला. नंतर पाहुण्याला सोडायला धाकटा भाऊ दिवा घेऊन खाली उतरला, तेव्हा दुकानात थोरल्याचं प्रेत सापडलं.

घरच्यांनी आधी सांगितलं, कुणीतरी मारलं. मग सांगितलं, त्यानं स्वतःच गळफास घेतला. जबाब बदलला, पण त्यामागचं कारण काळीज चिरणारं आहे. आत्महत्या करणाऱ्याच्या प्रेतावर तेव्हा खटला चाले आणि ते प्रेत रस्त्यातून फरफटत नेलं जाई. पोराच्या देहाची ती विटंबना चुकवायला बाप खोटं बोलला. तोवर बाहेर गर्दी जमली होती. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, की पोरगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानंच त्याला संपवला. शहराला उत्तर मिळालं.

पुढचं सगळं रीतसर झालं, हे इथं नीट ध्यानात घ्यायला हवं. झुंडीनं कालासला मारलं नाही, न्यायालयानं मारलं. चर्चमधून जाहीर आवाहन वाचलं गेलं, की ज्यांना काही ठाऊक असेल किंवा ज्यांनी काही ऐकलं असेल त्यांनी पुढे यावं. त्या आवाहनाचा मजकूरच असा, की खून झाला आणि तो धर्मांतर अडवायला झाला, हे गृहीतच. ऐकीव गोष्टी सांगायला माणसांची रीघ लागली. ज्याच्या धर्मांतराचा काही पुरावा नव्हता त्या मार्क-आंत्वानला कॅथलिक हुतात्मा ठरवून थाटामाटात पुरलं गेलं. खटला बंद दाराआड. १६७० च्या राजाज्ञेनुसार अशा गुन्ह्यात आरोपीला वकील नाही. निकालाला कारणं देण्याचं बंधन नाही. १३ न्यायाधीशांपैकी ८ जणांनी मृत्युदंडाच्या बाजूनं कौल दिला. १० मार्च १७६२ ला कालासला आधी साथीदारांची नावं वदवून घेण्यासाठी यातना दिल्या, मग चाकावर बांधून त्याची हाडं मोडली. अखेरपर्यंत तो एकच म्हणत राहिला, मी निर्दोष आहे.

पुरावा काय होता? फ्रेंच कायद्यात मृत्युदंडासाठी 'पूर्ण पुरावा' लागे: दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, नाहीतर आरोपीची कबुली. ऐकायला केवढा कडक नियम. इतरत्र 'अर्धा पुरावा'ही मानला जाई. तुलूझचं न्यायपीठ त्याच्याही पुढे गेलेलं. तिथं पाव पुरावा आणि अष्टमांश पुरावाही चाले. एक ऐकीव गोष्ट पाव, त्याहून धूसर असेल तर अष्टमांश. व्होल्तेरनं नंतर या हिशेबाची यथेच्छ टर उडवली: म्हणजे एकाच निराधार अफवेचे आठ प्रतिध्वनी गोळा केले, की झाला पूर्ण पुरावा!

मला यात सगळ्यात बोचणारी गोष्ट निराळीच दिसते. यातनांचा उगम न्यायाधीशांच्या क्रूरपणात नव्हता. त्यांतले बरेचसे सुशिक्षित, धर्मभीरू, घरी मुलाबाळांत रमणारे गृहस्थ असणार. यातना आल्या त्या खात्रीच्या हव्यासातून. शंका राहू नये म्हणून कबुली हवी आणि कबुली हवी म्हणून छळ. नियम जितका कडक, तितका तो पुरा करण्याचा मोह जास्त. आपल्याकडे 'पोलिसी खाक्या दाखवला की पोपटासारखा बोलेल' असं म्हणणारा माणूसही दुष्ट असतोच असं नाही. त्यालाही खरं काय तेच हवं असतं, फक्त लवकर.

व्होल्तेर तेव्हा सदुसष्टीचा, जिनिव्हाजवळ फेर्नेला गढीवजा घर बांधून राहिलेला, गडगंज. संत वगैरे मुळीच नव्हे. राजेरजवाड्यांची खुशामत त्यानं केली, ज्यूंबद्दल त्यानं जे लिहिलं ते आज वाचवत नाही. कालासची बातमी आली तेव्हा पहिल्यांदा तर त्यानं तिच्यावर कुचेष्टेचं एक पत्र लिहिलं. मग शंका आली. कालासचा धाकटा मुलगा जिनिव्हात होता, त्याला बोलावून खोदून खोदून विचारलं. त्यानंतर त्याचं डोकं ज्या एका मुद्द्यावर अडलं तो साधा व्यवहारी मुद्दा होता. साठी उलटलेला म्हातारा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या धडधाकट पोराला एकटा गळा आवळून टांगेल कसा? घरात बायको, दुसरा मुलगा, पाहुणा आणि मोलकरीण होती. सगळे त्या संध्याकाळी एकत्र होते. म्हणजे एकतर सगळे खुनी, नाहीतर कुणीच नाही. मोलकरीण तर कट्टर कॅथलिक. घरातल्या एका मुलाच्या धर्मांतराला तिचाच हात लागलेला. ती त्याच कारणासाठी दुसऱ्याचा खून होऊ देईल? न्यायालयानं बापाला चाकावर मारलं, त्याच्याकडून एकही नाव वदलं नाही, तेव्हा बाकीच्यांना जवळजवळ सोडून दिलं. या निकालाचा अर्थ लावायचा तरी कसा?

पुढची तीन वर्षं त्यानं या एका खटल्याला वाहिली. पत्रकं, दरबारातल्या ओळखी, वकिलांची फी, विधवेला पॅरिसला पाठवणं, १७६३ मध्ये सहिष्णुतेवरचा प्रबंध. त्याची पहिली मागणी 'कालासला निर्दोष म्हणा' अशी नव्हती. मागणी होती, तुलूझनं खटल्याचे कागद दाखवावेत आणि निकालाची कारणं सांगावीत. १७६४ मध्ये राजाच्या मंडळानं तो निकाल रद्द केला आणि ९ मार्च १७६५ ला, शिक्षा सुनावल्याला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, कालासला मरणोत्तर निर्दोष ठरवलं. राजानं कुटुंबाला ३६,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिले.

ही कहाणी 'लोकमताचा विजय' म्हणून सांगितली जाते. मला तसं सांगताना जरा अवघडल्यासारखं होतं. युरोपभरच्या लोकमतानं कालासला सोडवलं हे खरं, पण तुलूझच्या लोकमतानंच त्याला चाकावर चढवलं होतं. रस्त्यावरची ती पहिली आरोळीही लोकमतच होती. फरक होता तो मागणीत. तुलूझचा जमाव शिक्षा मागत होता, व्होल्तेर कागद मागत होता. आज एखाद्या प्रकरणात आपण कोणत्या बाजूला आहोत हे ठरवायला ही कसोटी मला अजून पुरते: समोरचा माणूस माणसाचा जीव मागतोय, की कागद?

या सुमारास मिलानमध्ये चेझारे बेक्कारिया नावाचा सव्वीस वर्षांचा उमराव बसला होता. स्वभावानं आळशी आणि भिडस्त. मित्रांनी मागे लागून, रोज थोडं थोडं लिहून घेतलं असं पुस्तक. व्हेर्री बंधू हे त्याचे मित्र. त्यांतला धाकटा कैद्यांच्या गाऱ्हाण्यांची दखल घेणारा अधिकारी होता, त्यामुळे तुरुंगात काय चालतं ते या मंडळात घरच्यासारखं ठाऊक. १७६४ साली पुस्तक लिव्होर्नोत निनावी छापलं गेलं. गुन्हे आणि शिक्षा हा विषय. दोन वर्षांत चर्चनं त्याला निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकलं आणि त्याच सुमारास पॅरिसनं त्याला डोक्यावर घेतलं. पॅरिसला सत्काराला गेलेला हा गृहस्थ बायकोच्या आठवणीनं व्याकूळ होऊन काही आठवड्यांतच घरी पळाला, पुढे आयुष्यभर सरकारी नोकरी केली आणि तसं दुसरं काही लिहिलं नाही.

यातनांबद्दलचा त्याचा युक्तिवाद इतका सोपा आहे, की तो आधी कुणाला सुचला कसा नाही असं वाटावं. गुन्हा सिद्ध झालेला असेल, तर कायद्यातली शिक्षा द्या. छळाची गरज काय? सिद्ध झालेला नसेल, तर तुम्ही एका निर्दोष माणसाला छळताय, कारण सिद्ध होईपर्यंत तो निर्दोषच. वर आणखी, छळानं सत्य कळतं म्हणणं म्हणजे सत्य स्नायूंत राहतं म्हणण्यासारखं: राकट गुन्हेगार सहन करून सुटतो, नाजूक निरपराधी हार मानून अडकतो.

त्याचं दुसरं म्हणणं जास्त महत्त्वाचं आणि जास्त दुर्लक्षित. गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या भयानकपणामुळे नाही, ती चुकणार नाही या खात्रीमुळे. साधी शिक्षा, पण हमखास होणारी, ही त्या भयंकर शिक्षेपेक्षा परिणामकारक, जिच्यातून सुटायला वाट आहे. आणि शिक्षा लवकर व्हायला हवी. गुन्हा आणि शिक्षा यांत अंतर पडलं, की लोकांच्या मनात त्यांचा संबंध तुटतो. शिवाय अनिश्चिततेत ताटकळत ठेवणं ही आरोपीला दिलेली आगाऊ शिक्षाच. म्हणजे बेक्कारिया गुन्हेगारांचा कैवारी नव्हता. तो कार्यक्षम माणूस होता, आणि त्याच्या कार्यक्षमतेला काळी बाजूही आहे. फाशीऐवजी त्यानं सुचवली ती आजन्म सक्तमजुरी, का, तर रोज डोळ्यांसमोर राबणारा कैदी क्षणात संपणाऱ्या फाशीपेक्षा जास्त दहशत बसवतो म्हणून. करुणा यात कमीच आहे. तरीही ३० नोव्हेंबर १७८६ ला इटलीतल्या टस्कनीत तिथल्या ग्रँड ड्यूक लिओपोल्डनं यातना आणि मृत्युदंड दोन्ही रद्द केले, ते याच पुस्तकाच्या प्रभावात.

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण प्रबोधनकाळाचे भक्त ती टाळतात. आरोपीच्या प्रश्नावर या काळातले सगळे थोर एका बाजूला नव्हते. कालासला मारलं त्याच वसंत ऋतूत रूसोचा सामाजिक करारावरचा ग्रंथ बाहेर पडला. त्यात तो म्हणतो, समाजाचे नियम मोडणारा माणूस आपल्या कृत्यानं बंडखोर आणि देशद्रोही ठरतो. तो समाजाचा घटक उरत नाही, उलट समाजाशी युद्ध पुकारतो. त्याला मारायचं ते नागरिक म्हणून कमी आणि शत्रू म्हणून जास्त. त्याच प्रकरणात तो असंही म्हणतो, की वारंवार होणारे मृत्युदंड ही सरकारच्या दुबळेपणाची खूण आहे. पण इतिहासात चाललं ते पहिलं वाक्य. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं तर १७९७ मध्ये बेक्कारियाचा युक्तिवाद शाब्दिक कसरत म्हणून झटकला: बेटावरचा समाज विसर्जित होऊन माणसं पांगणार असली, तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला आधी फाशी द्यायलाच हवी, असं त्याचं म्हणणं. 'स्वतःची बुद्धी वापरण्याचं धाडस कर' असं सांगणारा हाच माणूस.

रूसोच्या त्या 'शत्रू' शब्दाचं पुढे काय झालं ते फ्रेंच क्रांतीचा नेता रोब्सपिएर याच्यात दिसतं. ३० मे १७९१ ला त्यानं फ्रान्सच्या सभेत मृत्युदंडाविरुद्ध भाषण केलं होतं, आणि ते चांगलं भाषण होतं. डिसेंबर १७९२ मध्ये तोच म्हणाला, की पदच्युत राजा लुईवर खटला चालवायचाच नाही. खटला म्हटलं की तो निर्दोष असू शकतो हे मानावं लागेल, आणि तो निर्दोष असेल तर क्रांतीचं काय? १७८९ च्या जाहीरनाम्याच्या नवव्या कलमानं दोष सिद्ध होईपर्यंत प्रत्येकाला निर्दोष मानलं होतं. पाच वर्षं पुरी व्हायच्या आत, १० जून १७९४ ला, पॅरिसच्या क्रांतिकारी न्यायालयासाठी नवा कायदा आला: 'जनतेच्या शत्रूं'ना वकील नाही, साक्षीदारांची गरज नाही, निकाल दोनच, सुटका किंवा मृत्यू. पुढच्या सात आठवड्यांत सुमारे चौदाशे माणसं गिलोटिनखाली गेली. मग रोब्सपिएरच कायद्याबाहेर घोषित झाला. कायद्याबाहेरच्या माणसावर खटला चालवायचा नसतो, फक्त ओळख पटवायची. २८ जुलैला ओळख पटवली आणि डोकं उडवलं.

लुईचा फैसला करणाऱ्या सभेत टॉमस पेन हा इंग्रज लेखकही बसत असे. राजाला मारू नका, अमेरिकेला हद्दपार करा, असं त्यानं राजेशाहीचा कट्टर विरोधक असूनही सांगितलं. डिसेंबर १७९३ मध्ये तो तुरुंगात गेला आणि गिलोटिनपासून थोडक्यात वाचला. याच पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक पुढे पुण्यात तरुण जोतिराव फुल्यांच्या हाती पडलं. 'हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे' असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की कालासची हाडं मोडणारं चाकही तितकंच पाश्चात्त्य होतं. लॉकनं स्वातंत्र्यावर लिहिलं आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत पैसेही गुंतवले. कल्पना तिच्या जन्मदात्यांच्या चारित्र्यावर जोखायची ठरवली तर हाती फार थोडं उरेल. ती कुणाच्या कामाला आली ते बघावं.

आपल्या कायद्यात हा विचार आला तो आडवळणानं. बेक्कारियाला बेंथम या इंग्रज विचारवंतानं गुरू मानलं, बेंथमच्या विचारांवर मॅकॉलेनं भारतीय दंडसंहितेचा मसुदा रचला, १८६० मध्ये तिचा कायदा झाला. दरम्यान १८५५ साली मद्रास इलाख्यात महसूल आणि पोलीस खात्यातले लोक रयतेचा छळ कसा करतात याचा चौकशी अहवाल आला. त्यानंतरच्या फौजदारी प्रक्रियेत आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये स्वच्छ नियम बसला: पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. परकी राजवट, जिनं पुढे रौलट कायदाही आणला. पण पोलीस ठाण्यात काय घडतं याबद्दल तिला भ्रम नव्हता. नव्या साक्ष अधिनियमातही तो नियम कायम आहे.

त्याला बगल दिली ती आपल्याच निवडून दिलेल्या सभागृहांनी. टाडा, मग पोटा हे दहशतवादविरोधी कायदे. आणि महाराष्ट्रात संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा मकोका. मकोकाच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. हुद्दा वाढला की छळाची शक्यता संपते, असं गृहीतक यामागे असावं.

त्याचं पुढे काय होतं? ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाबांचे काही भाग एकमेकांची नक्कल वाटावेत इतके सारखे होते आणि ते छळातून आल्याचं म्हणणं न्यायालयाला विश्वसनीय वाटलं. एक आरोपी तोवर तुरुंगातच वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं त्या न्यायालयानं म्हटलं. अखेरचा निकाल काहीही लागो. लोकलमध्ये ज्यांची माणसं गेली त्यांना एकोणीस वर्षांनंतर, स्फोट कुणी घडवले हे ठामपणे सांगणारं कुणी नाही. 'आरोपीच्या हक्कांचं कौतुक करता, बळींचं काय?' हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर या खटल्यातच आहे. कबुलीवर विसंबलं, की खऱ्या गुन्हेगाराचा माग तिथंच थांबतो.

हैदराबादला ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे एका तरुणीवरच्या बलात्कार-खुनाच्या प्रकरणातल्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, मिठाया वाटल्या, महाराष्ट्रातही अभिनंदनाचे संदेश फिरले. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं, की पोलिसांनी जीव घेण्याच्या हेतूनंच गोळ्या झाडल्या, आणि चौघांपैकी तिघं अल्पवयीन होते. तेच चौघे गुन्हेगार होते का? बहुधा असतील. पण आता ते कोणतंही न्यायालय सांगू शकत नाही. पकडणारा आणि न्याय करणारा हात एक झाला की काय होतं, हे माँतेस्क्यूनं लिहून ठेवलं आहेच. १३ नोव्हेंबर २०२४ ला आरोपींच्या घरांवर बुलडोझर चालवण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात अमरावतीच्या न्यायमूर्ती गवईंच्या पीठानंही सत्ताविभाजनाचाच आधार घेतला: दोषी कोण हे प्रशासन ठरवू शकत नाही.

'पण कोर्टात वर्षानुवर्षं तारखा पडतात' हा आक्षेप मी मनापासून मानतो. विलंबाची चीड आणि चकमकीचा जल्लोष ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. मात्र बेक्कारिया मागत होता ती घाई वेगळी. न्यायवैद्यक प्रयोगशाळांतल्या रिकाम्या जागा भरणं, तपास आणि बंदोबस्त यांची माणसं वेगळी करणं, न्यायाधीश वाढवणं, ही कामं खर्चिक आणि कंटाळवाणी आहेत. त्यांच्यावर निवडणूक जिंकता येत नाही. फाशीची तरतूद करायला मात्र एक दुरुस्ती आणि एक पत्रकार परिषद पुरते. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधानसभेनं स्त्रियांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक एकमतानं मंजूर केलं: काही गुन्ह्यांना मृत्युदंड, तपास तीस दिवसांत. तीस दिवसांत तपास कुणी आणि कशानं करायचा, हे त्या एकमतात कुठंच नव्हतं. पुढे ते राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी अडकून राहिलं.

डॉ. आंबेडकरांनी ३ जून १९४९ ला संविधान सभेत म्हटलं होतं, की फाशीच्या प्रत्येक शिक्षेवर अपिलाचा हक्क देत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला मी पाठिंबा देईन. त्याच वर्षी अटक झालेल्याला कारण सांगण्याचा, वकिलाचा आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करण्याचा हक्क त्यांनी संविधानात आणला. आज तो अनुच्छेद २२ आहे. हक्कांच्या लांबलचक यादीत हा कोरडा, तांत्रिक वाटतो. कालासला यातलं काहीही मिळालं असतं तर तो बहुधा जगला असता.

भारतानं १४ ऑक्टोबर १९९७ ला छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही केली. त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २०१० मध्ये छळविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेनं ते समितीकडे धाडलं आणि मुदत संपून ते बारगळलं. विधी आयोगानं २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात नवा मसुदा दिला, तोही पडून आहे. पोलीस ठाण्यांत सगळीकडे कॅमेरे बसवा, ध्वनिमुद्रणासह, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्येच सांगितलं. यांतल्या कशासाठीही मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. मकोकाचं कलम १८ जसंच्या तसं आहे, आणि ते रद्द करा असं म्हणणारा आमदार मला अजून कुठल्याच बाकावर दिसलेला नाही.